बाटलीत नेमकं काय आहे, हे सांगता येणं

डिचोलीहून प्रश्न आलाय. विचारणारी टीवायबीएस्सीला आहे, विषय रसायनशास्त्र. लिहिते: "मॅडम, मला एमएस्सीला इनऑरगॅनिक घ्यायचंय. बाबा म्हणतात ऑरगॅनिक घे, वेर्ण्याला औषध कंपनीत लागशील. सिनियर म्हणतात इनऑरगॅनिकवाले नुसते रंगीत क्षार बनवतात. ऑर्गॅनोमेटॅलिकमध्ये संशोधन करणारा माणूस दिवसभर नक्की करतो काय? आणि ते गोव्यात राहून होतं का?"

आधी बाबांचं बघू. ते चुकीचं बोलत नाहीत. औषध कंपन्यांच्या संश्लेषण विभागात ऑरगॅनिकवाल्यांना आधी बोलावतात, हे आजही खरं आहे. क्यूसीला (मालाची गुणवत्ता तपासणाऱ्या विभागाला) आणि अ‍ॅनालिटिकलला मात्र दोन्ही चालतात, तिथे एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) नीट चालवता येतो का एवढंच बघतात. तुझ्या तालुक्यातल्या घरांनी २०१२ला आणि मग २०१८ला खाणी बंद पडताना पाहिल्यात. अशा घरातला बाप मुलीसाठी पक्की नोकरी शोधणारच. त्यांच्याशी वाद घालू नकोस, खाली लिहिलंय ते त्यांनाही वाचायला दे.

आता दिवसभर काय करतो ते. बावीस वर्षं या कामात काढून माझं उत्तर असं आहे: अर्धा दिवस हवा आणि पाणी बाहेर ठेवण्यात जातो, आणि उरलेला अर्धा आपण जे बनवलंय ते नक्की काय आहे हे शोधण्यात. प्रत्यक्ष बनवणं मध्ये कुठेतरी तासाभरात होऊन जातं.

ऑर्गॅनोमेटॅलिक म्हणजे धातू आणि कार्बन यांच्यात थेट बंध असलेली संयुगं. त्यातली कितीतरी हवेत टिकत नाहीत. सगळी नाही, फेरोसीन उघड्या फळीवर बाटलीत वर्षानुवर्षं बसून राहतं. पण ब्युटिललिथियमच्या सिरिंजची सुई बाटलीतून बाहेर काढली की टोकाला धूर दिसतो, आणि टर्शरी ब्युटिललिथियम असेल तर सरळ ज्योत. म्हणून काम श्लेंक लाईनवर चालतं. काचेच्या दोन समांतर नळ्या, एक व्हॅक्युम पंपाला जोडलेली, दुसरीत नायट्रोजन नाहीतर आर्गॉन. मधले स्टॉपकॉक एका बाजूला फिरवले की फ्लास्क रिकामा होतो, दुसऱ्या बाजूला फिरवले की वायू भरतो. रिकामा कर, भर, असं तीनदा. नव्या मुलांना मी हे पहिले पंधरा दिवस रिकाम्या फ्लास्कवरच करायला लावते. त्यांना राग येतो. येऊ दे.

फ्लास्क रात्रभर ओव्हनमध्ये १२० अंशांना असतो. सकाळी तो गरम असतानाच फडक्याने धरून लाईनला जोडायचा, कारण काचेच्या पृष्ठभागावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि गार झाली की काच तो लगेच परत ओढून घेते. कोरड्या हवेच्या गावात एखाद्या मिनिटाचा उशीर खपून जातो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर मिठाच्या बरणीत तांदूळ टाकूनही मीठ ओलं होतं, तिथे फ्लास्कचं काय घेऊन बसलीस! मी पीएचडी करत होते तेव्हा टीएचएफ हा सॉल्व्हंट (द्रावक) सोडियम आणि बेंझोफेनोनवर उकळायला ठेवायचो. सॉल्व्हंट कोरडा झाला आणि ऑक्सिजन निघून गेला की ते गडद निळं होतं. जानेवारीत तासाभरात निळं व्हायचं. जुलैत दुपारचं जेवण होऊन आलो तरी हिरवट-मळकट, आणि पुन्हा सोडियम घाल. आता बऱ्याच प्रयोगशाळा अ‍ॅल्युमिनाच्या कॉलममधून सॉल्व्हंट काढतात किंवा मॉलिक्युलर सिव्हवर ठेवतात, आणि ते बरंच आहे. ज्वलनशील सॉल्व्हंटखाली सोडियम ठेवून त्याला उष्णता देणं ही काही शहाणपणाची गोष्ट नव्हती.

एक प्रसंग सांगते, म्हणजे हवा बाहेर ठेवणं ही नुसती यील्डची, म्हणजे माल किती हाती आला याची, गोष्ट नाही हे कळेल. पंप आणि लाईन यांच्यामध्ये काचेचा एक सापळा असतो, सॉल्व्हंटची वाफ पंपात जाऊ नये म्हणून. तो द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवलेला असतो. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो आणि ऑक्सिजन उणे १८३ला. म्हणजे लाईनमध्ये कुठून तरी हवा शिरत राहिली तर सापळ्यात त्या हवेतला ऑक्सिजन द्रव होऊन साचतो. खाली आधीच सॉल्व्हंट गोठलेला असतो. जळणारा पदार्थ आणि शुद्ध ऑक्सिजन एकाच नळीत. आमच्या एका सहकाऱ्याने चवथीच्या सुट्टीआधी घाईघाईत ग्रीस न बदलता स्टॉपकॉक लावला. दुपारी मी डेवार (द्रवरूप नायट्रोजनचा थर्मास) थोडा खाली करून पाहिलं तर सापळ्याच्या तळाशी फिकट आकाशी रंगाचा द्रव होता. रंग इतका सुंदर की क्षणभर बघतच राहिले. मग पोटात गोळा आला. नशीब एवढंच की सापळा कुठे कोंडलेला नव्हता, वायूला बाहेर जायला वाट होती. डेवार परत वर केला, हूडची (वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटाची) काच खाली ओढली, खोली रिकामी केली आणि संध्याकाळपर्यंत व्हरांड्यात बसून राहिलो. काही झालं नाही. पण त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे: व्हॅक्युम लागला आणि गळती नाही हे बघितल्याशिवाय सापळ्याखाली नायट्रोजन लावायचा नाही, आणि बंद करताना सापळा कधीही कोंडायचा नाही. वीज गेली तरी हेच. पावसाळ्यात वीज जातेच, म्हणून इन्व्हर्टरच्या भरवशावर रात्रभर लाईन चालू ठेवून घरी जाणारा विद्यार्थी माझ्याकडे टिकत नाही.

हातमोज्यांबद्दलही आत्ताच सांगून टाकते. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या कॅरन वेटरहान धातूंच्या विषारीपणावरच काम करणाऱ्या नामांकित संशोधक होत्या. १९९६ला डायमिथिलमर्क्युरीचे थोडे थेंब त्यांच्या लॅटेक्सच्या हातमोज्यावर पडले. ते मोज्यातून आरपार गेले आणि १९९७च्या जूनमध्ये त्या गेल्या. मोजे घातलेत म्हणून हात सुरक्षित, असं समजायचं नाही. कुठल्या रसायनाला कुठला मोजा, हे दरवेळी बघायचं.

आता ते दुसरं, मोठं अर्ध. बनवलेलं काय आहे हे शोधणं.

तुझ्या सिनियरना 'नुसते रंगीत क्षार' वाटतात ते यामुळेच. रंग दिसतो आणि वाटतं झालं काम. लिगंड (धातूला धरून बसणारा रेणू) आणि धातूचा क्षार इथेनॉलमध्ये रिफ्लक्सला, म्हणजे उकळत, ठेवला, हिरवं काहीतरी खाली बसलं, गाळलं, वाळवलं, आयआर (इन्फ्रारेड आलेख) काढला आणि संरचना कागदावर काढली. अशी कामं होतात, छापूनही येतात. त्यांना मी संशोधन म्हणत नाही. हिरवं म्हणजे निकेल असेल, तांबं असेल, दोन धातूंचं मिश्रण असेल, नाहीतर लिगंड न लागलेला मूळ क्षारच असेल.

पावसाळ्यातला आयआर हा तर मोठा फसवा. नमुना पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये खलून त्याची चकती दाबतात. ती पारदर्शक यायला हवी. ऑगस्टमध्ये ती पांढुरकी, दुधाळ येते, कारण ब्रोमाइड हवेतलं पाणी ओढतो. मी एमएस्सीला असताना ३४०० वेव्हनंबरच्या आसपास मोठं रुंद पोट बघून माझ्या संयुगात हायड्रॉक्सिल गट सापडल्याचं आनंदाने वहीत लिहिलं होतं. यंत्र चालवणारे काका शेजारी चहा पीत होते. त्यांनी कागदाकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "बाय, हो पावस. तुजें कंपाउंड न्हय." नमुना न घालता नुसत्या ब्रोमाइडची चकती काढून दाखवली. तेच पोट! १६३०च्या आसपासचं छोटं टेकाडही तसंच. तेव्हापासून मी ब्रोमाइड ओव्हनमध्ये ठेवते, रिकाम्या चकतीचा आलेख आधी काढते, आणि जमेल तिथे चकतीच्या भानगडीत न पडता एटीआरवर थेट नमुना ठेवते.

तोच आयआर धातूच्या कार्बोनिल संयुगांत मात्र खूप काही सांगतो. मोकळ्या कार्बन मोनॉक्साइडचा पीक २१४३ला असतो. तो धातूला जोडला गेला की धातू आपले इलेक्ट्रॉन त्याच्या बंधविरोधी ऑर्बिटलमध्ये सरकवतो. कार्बन-ऑक्सिजन बंध थोडा ढिला होतो आणि पीक खाली उतरतो, दोन हजारच्या आसपास. धातूवर इलेक्ट्रॉन जास्त असतील तर आणखी खाली. अठराशेच्या जवळ आला तर तो कार्बोनिल दोन धातूंमध्ये पूल बनून बसलाय का, हे बघावं लागतं. लिगंड बदलला आणि पीक वीस-तीस आकड्यांनी सरकला की नव्या लिगंडने धातूला इलेक्ट्रॉन दिले की काढून घेतले, याचा अंदाज येतो. मला हे अजूनही आवडतं. एका रेषेच्या सरकण्यावरून न दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा हिशेब लागतो.

आणि स्फटिक. आमच्या क्षेत्रात शेवटचा शब्द क्ष-किरण विवर्तनाचा. त्यासाठी मिलिमीटरच्या अंशाएवढा, स्वच्छ कडांचा एकच एक स्फटिक लागतो. तो वाढवायला संयमाशिवाय काही लागत नाही. छोट्या कुपीत डायक्लोरोमिथेनमधलं द्रावण ठेवायचं, ती कुपी इथर असलेल्या मोठ्या बाटलीत ठेवायची, झाकण लावायचं आणि हात लावायचा नाही. इथर साडेचौतीस अंशांच्या आसपास उकळतो, म्हणजे आपल्या मे महिन्यात ही बाटली खिडकीत ठेवायची सोय नाही. मी एका रुथेनियमच्या संयुगासाठी तीन आठवडे अशी बाटली कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवली होती. स्फटिक आले, सुरेख, काचेच्या सळ्यांसारखे, हलकी पिवळट झाक असलेले. माझं संयुग चांगलं विटकरी होतं. रंग फिका का, हा प्रश्न मनात आला होता, पण तो मी दाबून टाकला. पातळ स्फटिक आहेत, फिकेच दिसणार. स्फटिक बाहेर पाठवले. उत्तर आलं: ट्रायफिनाइलफॉस्फीन ऑक्साइड. माझा लिगंड धातूपासून सुटून ऑक्सिजन घेऊन बसला होता. या क्षेत्रातल्या प्रत्येकाच्या कपाळी हा स्फटिक एकदा तरी असतो. पिवळी झाक नुसती बाहेरच्या द्रावणाची होती. गंमत म्हणजे फॉस्फरस एनएमआरमध्ये (फॉस्फरसचे अणू कशाला जोडलेत ते दाखवणाऱ्या आलेखात) २९ पीपीएमच्या जवळ एक छोटा पीक आधीपासून दिसत होता. तो ऑक्साइडचाच. मी त्याला 'किरकोळ अशुद्धी' लिहून पुढे गेले होते.

हे फक्त माझ्यासारख्यांचं होतं असं नाही. १९५१ला कीली आणि पॉसन हे रसायनशास्त्रज्ञ फल्व्हालीन नावाचं हायड्रोकार्बन बनवायला गेले आणि हाती आलं लोखंड असलेलं नारिंगी संयुग, हवेत आणि उष्णतेत टिकणारं. तेच फेरोसीन. त्यांनी संरचना सुचवली: लोखंड मध्ये आणि दोन बाजूंना प्रत्येकी एका कार्बनला साध्या बंधाने जोडलेली वलयं. वर्षभरात एकीकडे विल्किन्सन आणि वुडवर्ड, दुसरीकडे फिशर यांनी दाखवलं की लोखंड दोन सपाट वलयांच्या मध्ये बसलंय आणि प्रत्येक वलयाचे पाचही कार्बन त्याला सारखेच जोडलेले आहेत. लोखंडाचे आठ इलेक्ट्रॉन, दोन वलयांचे पाच-पाच, एकूण अठरा, म्हणजे अशा संयुगाला स्थिर ठेवणारा आकडा. फिशर आणि विल्किन्सन यांना १९७३चं नोबेल मिळालं. बाटलीतला पदार्थ तोच होता. 'हे काय आहे' याचं उत्तर बदललं आणि त्यातून एक अख्खं शास्त्र उभं राहिलं.

आता बाबांसाठी नोकरीची गोष्ट. मधली सहा वर्षं मी एका औषध कंपनीच्या प्रोसेस लॅबमध्ये होते. नाव नको. मला घेतलं ते ऑरगॅनिकवाल्यांच्या रांगेत शेवटची म्हणून. पण आजच्या औषधांमध्ये कार्बनला कार्बन जोडायचं कितीतरी काम पॅलेडियम करतं. हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना २०१०चं नोबेल मिळालं ते याच जोडण्यांसाठी. रक्तदाबावरच्या लोसार्टानचा बायफिनाइल सांगाडाही सुझुकी जोडणीने करता येतो. जोडणी झाली की पॅलेडियमचं काम संपतं, पण ते जात नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला १०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पॅलेडियम पोटात जाता कामा नये, इंजेक्शनमधून १०. रोजचा डोस दहा ग्रॅम धरला तर गोळीत १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा.

आमची एक बॅच पांढरी यायला हवी होती, ती राखाडी आली. सगळ्यांनी कोळसा घाला, गाळा, पुन्हा कोळसा घाला असं चालवलं. रंग गेला, सगळे खूश. आयसीपी-एमएसवर (धातूंचे अगदी बारीक अंश मोजणाऱ्या यंत्रावर) टाकलं तर आकडा जेमतेम उतरलेला. मी विचारलं, पॅलेडियम आहे कुठल्या रूपात? राखाडी रंग धातूच्या बारीक कणांचा होता आणि ते फिल्टरवर अडकले. जे उरलं ते विरघळलेलं होतं, आमच्याच रेणूतल्या नायट्रोजनांना धरून बसलेलं. म्हणजे तो रेणूच लिगंड झाला होता. त्याला सोडवायचं तर पॅलेडियमला जास्त आवडणारं काहीतरी द्यायला हवं, आणि मऊ धातूला गंधक आवडतो हे इनऑरगॅनिकच्या पहिल्या वर्षात शिकवतात. थायॉल लावलेली सिलिका वापरली आणि आकडा मर्यादेच्या खाली आला. त्यानंतर 'मॅडम, ही बॅच बघता का' म्हणून दुसऱ्या विभागातूनही लोक यायला लागले.

म्हणजे इनऑरगॅनिक घेऊन औषध कंपनीचं दार बंद होत नाही, फक्त ते समोरून उघडत नाही. तुला ऑरगॅनिक संश्लेषणही हाताने यायला हवं. कॉलम चालवून मिश्रणातले पदार्थ वेगळे करता येत नसतील तर ऑर्गॅनोमेटॅलिक करताच येणार नाही, लिगंड कोण बनवून देणार?

गोव्यात होतं का? होतं. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठ आहे, झुआरीनगरला बिट्स आहे, फर्मागुडीला आयआयटी आलीय. दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रसायनशास्त्र आहे, पण वेगळ्या तऱ्हेचं. समुद्राच्या पाण्यातले धातू मोजणं हे तुला रुचलं तर तिकडेही बघ. एखादं यंत्र जवळ नसेल तर नमुने बाहेर पाठवायचे, आयआयटी मुंबईच्या सैफमध्ये (सगळ्यांना खुल्या असलेल्या यंत्रांच्या केंद्रात) देशभरातून नमुने जातात. मी स्वतः काचेच्या अँप्युलमध्ये नायट्रोजनखाली सील केलेलं संयुग कापसात गुंडाळून, डब्यात घालून, रात्रीच्या बसने मांडीवर धरून मुंबईला नेलंय. शेजारच्या काकूंना वाटलं बेबिंका, आपली गोव्याची मिठाई, आहे. त्या अर्ध्या वाटेपर्यंत डब्याकडे बघत होत्या.

पैशाचं: नेट परीक्षा होऊन जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर दोन वर्षं महिना ३७,००० आणि मग एसआरएफचे (त्याच शिष्यवृत्तीच्या पुढच्या टप्प्याचे) ४२,०००, वर घरभाडं. पीएचडीला पाच वर्षं धर. वेर्ण्याला लागलेली तुझी मैत्रीण तोवर दोन बढत्या घेऊन गाडी घेईल. ते तुला सलणार असेल तर आत्ताच ठरव, तिसऱ्या वर्षी नको. जेआरएफ न मिळवता नुसत्या आशेवर कुणाकडे नाव नोंदवू नकोस. आणि गाईड निवडताना त्यांचे पेपर मोजत बसू नकोस. त्यांच्या विद्यार्थ्यांना विचार की फसलेल्या प्रयोगाबद्दल गाईडशी बोलता येतं का.

शेवटी तुला ठरवता यावं म्हणून एक सुचवते. एमएस्सीला प्रवेश घेण्याआधी तुझ्या कॉलेजच्या मॅडमना विचारून, त्यांच्या समोर, फेरोसीन बनवून बघ. डायसायक्लोपेंटाडाइन तापवून फोडायचं, ४२ अंशांच्या आसपास उतरणारा भाग गोळा करायचा आणि त्याच दिवशी वापरायचा. ठेवलास तर तो परत जुळून जातो. उग्र वास येतो, हूडशिवाय नको. पोटॅशियम हायड्रॉक्साइड, फेरस क्लोराइड, वर नायट्रोजन. नारिंगी भुकटी मिळेल. ती बशीत घालून वर थंड काच ठेव आणि हलकं तापव. कापरासारखाच वास येईल, आणि कापरासारखीच ती न वितळता वर जाऊन काचेवर नारिंगी पात्यांसारखी जमते. ती खरवडून वितळणांक काढ. १७२ ते १७४ यायला हवा. १६५ आला तर मॅडमना दाखवण्याआधी तासभर एकटीच बस आणि का आला असेल ते वहीत लिही. त्या तासात तुला कंटाळा आला की भूक विसरलीस, ते मला कळव.